बुडालेल्या विधेयकांचा हिशेब

विरोधी बाकावरच्या खासदाराने काय काम केले, असे विचारले की हल्ली आकडे पुढे येतात. हजेरी किती, प्रश्न किती, मांडलेली विधेयके किती आणि मंजूर झालेली किती. शेवटच्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे शून्यच असते. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंजूर केलेली अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, विधेयके अवघी चौदा, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. तेव्हा या मापाने मोजले तर विरोधी सदस्याचे विधेयक म्हणजे वाया गेलेला कागद. हे माप मुळातच चुकीचे आहे आणि त्याचा पुरावा कोकणच्या इतिहासात आहे. विरोधी सदस्यांनी आणलेली दोन विधेयके, एक मुंबईच्या विधिमंडळात आणि दुसरे लोकसभेत, तीस वर्षांच्या अंतराने बुडाली. दोन्हींतला आशय पुढे कायदा झाला. दुसऱ्याची कथा मात्र पहिल्याइतकी सरळ नाही, आणि खरा वाद तिच्याविषयीच आहे.

पहिले विधेयक खोतीचे. कोकणात खोत गावाचा सारा सरकारला भरायचा आणि त्या बळावर कुळांकडून पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा मक्ता म्हणून घ्यायचा, वर वेठही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कुळाचे नाव लागत नसे. सप्टेंबर १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला नुकसानभरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करावे, अशी त्याची रचना होती. सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्याच सुमारास नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक पुढे सरकले नाही. पण १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा केला तो खेरांच्याच सरकारने. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले, त्यात न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण मिळालेल्या पहिल्या तेरा कायद्यांत १९४८ चा मुंबईचा कूळ कायदा होता आणि हा खोतीचा कायदाही होता. त्या वेळी केंद्रात कायदामंत्री होते आंबेडकर.

दुसरे विधेयक बॅ. नाथ पै यांचे. वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापुरातून निवडून गेले. लोकसभा त्यांना ओळखायची ती परराष्ट्र धोरणावरच्या भाषणांसाठी, गोवा आणि बेळगावच्या प्रश्नांसाठी आणि वक्तृत्वासाठी. त्यांच्या वक्तृत्वाचे आपल्याकडे इतके कौतुक झाले की त्यांचे सर्वांत गंभीर संसदीय काम त्याखाली झाकले गेले, ही खंत नोंदवलीच पाहिजे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या एका कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक जमीन होती. पंजाबच्या कायद्याने प्रत्येकाला तीस एकर ठेवून बाकीची काढून घ्यायचे ठरवले, त्यावरून हा वाद उभा राहिला. अकरा न्यायाधीशांपैकी सहा विरुद्ध पाच अशा मताने न्यायालय म्हणाले की यापुढे संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. जुन्या दुरुस्त्या न्यायालयाने राहू दिल्या, म्हणून खोतीचा कायदा वाचला. पण मालमत्ता तेव्हा मूलभूत हक्क होता. जमीनसुधारणेचे पुढचे प्रत्येक पाऊल आता अडणार होते.

सरकार बिचकले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या आणि घटनादुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश बहुमत तिच्या हाती नव्हते. एप्रिल १९६७ मध्ये, निकालाला दीड महिना होत असताना, नाथ पैंनी विधेयक मांडले. आशय मोजक्या शब्दांचा होता : अनुच्छेद ३६८ खाली संसदेला राज्यघटनेच्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता येईल. अशासकीय कामकाज शुक्रवारच्या बैठकीच्या शेवटच्या अडीच तासांत चालते. त्या वेळेस मतदारसंघाकडे निघालेले सदस्य आधीच उठून गेलेले असतात. अशा वेळात नाथ पैंनी देशाला सर्वांत मोठ्या घटनात्मक प्रश्नावर बोलायला लावले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, ते सभागृहात परत आले, पुन्हा चर्चा झाली. अंतिम मतदान झालेच नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर विधेयकही संपले. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस.

मार्चमध्ये इंदिरा गांधींचा पक्ष ३५२ जागा घेऊन परतला. २८ जुलैला कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसावी घटनादुरुस्ती मांडली आणि ४ ऑगस्टला लोकसभेने ती ३८४ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केली. गाभा नाथ पैंच्याच विधेयकाचा होता. इथे आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. नाथ पैंनी सरकारच्या हाती शस्त्र दिले आणि चार वर्षांत ते नागरिकांवरच उगारले गेले, असा तो आक्षेप. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीबाबत कोणत्याही न्यायालयात विचारणा करता येणार नाही, असेच लिहून ठेवले. नाथ पैंच्या जागी राजापुरातून निवडून आलेले मधु दंडवते तेव्हा आणीबाणीतले बंदी होते. संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळुरूला गेले असताना त्यांना अटक झाली होती.

या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. अखेरचा शब्द लोकांचा, ही नाथ पैंची भूमिका होती आणि त्यासाठी त्यांचा भरवसा वाद घालणाऱ्या संसदेवर होता. विरोधकच तुरुंगात असलेल्या संसदेचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या मसुद्यात नव्हते. पण दोष विचाराचा की तो राबवण्याच्या रीतीचा, हे तारखाच सांगतात. विरोधी सदस्याच्या विधेयकाला सर्व पक्षांतून मते मिळवावी लागणार होती, म्हणून त्यावर तीन वर्षांहून अधिक काळ घासाघीस झाली. तोच आशय प्रचंड बहुमताच्या हाती गेला तेव्हा लोकसभेत आठवडा पुरला. शिवाय २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद निकालाने गोलकनाथ निकाल रद्द केला आणि चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली. कोणत्याही अनुच्छेदात दुरुस्ती करता येते, हे नाथ पैंचे मुख्य म्हणणे टिकले. त्याला न्यायालयाने एक मर्यादा घातली : घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मला ही मर्यादा योग्यच वाटते. पण कोणत्याही एका हक्काला अस्पर्श न मानता चौकटीचा विचार करण्यापर्यंत न्यायालय पोहोचले, ते गोलकनाथचा रस्ता नाथ पैंनी सभागृहात ठामपणे नाकारल्यानंतर.

दुसरे म्हणणे असे असते की सरकारने हे सारे आज ना उद्या केलेच असते. पण खेरांचे सरकार १९३७ मध्येही होते आणि १९४९ मध्येही; तेव्हा जे झाले नाही ते नंतर झाले. मधल्या काळात कुळांचा रेटा वाढला आणि भरपाई देऊन खोती कशी उठवता येईल याचा मसुदा सर्वांसमोर आला होता. १९६७ च्या सरकारकडे संख्या नव्हती आणि पुढाकाराची तयारीही नव्हती. विरोधी सदस्याच्या विधेयकाने प्रश्न शब्दांत बसवला, साक्षी नोंदवल्या, बाजू कोणाच्या कुठे आहेत ते उघड केले. हे काम मंजुरीच्या रकान्यात दिसत नाही.

१९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती आली तेव्हा दंडवते केंद्रातल्या जनता सरकारात रेल्वेमंत्री होते. त्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. नाथ पैंच्या विधेयकाला जिथून तोंड फुटले होते तो अडथळाच दूर झाला. सरकारच्या मूळ मसुद्यात आणखी एक कलम होते : घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांना धक्का लावणारी दुरुस्ती जनमत कौलाने मंजूर झाल्याशिवाय लागू होऊ नये. अखेरचा शब्द लोकांचा, या नाथ पैंच्या भूमिकेच्या इतके जवळ जाणारे कलम त्याआधी कोणत्याही सरकारने मांडलेले नव्हते. लोकसभेने ते स्वीकारले. राज्यसभेत जनता पक्षाकडे बहुमत नव्हते, तिथे ते गळाले आणि पुन्हा कोणत्याही सरकारने आणलेले नाही.