सीतेची आसवे : न दिसणाऱ्या सापळ्याचे चित्र

सातारा जिल्ह्यातील कास पठार आणि सातारा-सांगलीच्या सीमाभागातील चांदोलीचे सडे जांभ्या दगडाचे आहेत. त्यांवरील मातीचा थर पातळ असून त्यात वनस्पतींची पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. पावसाळ्यात कासवर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरणारी ‘सीतेची आसवे’, म्हणजे युट्रिक्युलेरिया, ही उणीव सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. फूल सर्वांना दिसते. सापळा मात्र ओल्या मातीत दडलेला असतो. तो उलगडून दाखविण्याचे काम शास्त्रीय चित्राला करावे लागते.

सापळा म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर पिशवी. तिच्या भिंतीत पेशींचे फक्त दोन थर असतात. पाणवासी जातींच्या अभ्यासातून तिचे कार्य स्पष्ट झाले आहे. ग्रंथी आतील पाणी बाहेर टाकतात, आतला दाब घटतो आणि भिंत ताणलेल्या धनुष्यासारखी आत वाकते. दारावरील केसांना भक्ष्याचा स्पर्श होताच दार उघडते, भिंत पूर्ववत होते आणि पाण्यासह भक्ष्य आत खेचले जाते. ऊर्जा साठवणारी ही भिंत म्हणजे जिवंत द्रव्याचा उत्तम नमुनाच.

चार्ल्स डार्विनच्या १८७५ मधील ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ या ग्रंथात या पिशवीच्या आकृत्या आहेत. मात्र भक्ष्य स्वतःच दार ढकलून आत शिरते, असा डार्विनचा समज होता. २०११ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ही क्रिया टिपली. ती एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात घडते. केवळ आकार दाखविणारे अचूक चित्रही कार्याविषयी मौन राखू शकते, हा यातील धडा.

म्हणूनच अशा चित्रात एकाच पिशवीचे दोन उभे छेद शेजारी-शेजारी काढणे इष्ट ठरते : एक ताणलेला, दुसरा सुटलेला. दोन्हींचे प्रमाण एकच हवे. बाण पाण्याच्या प्रवाहापुरतेच असावेत. ‘चाळीस पट’ असे लिहिण्याऐवजी मोजपट्टीची रेषा द्यावी, कारण छपाईत चित्र लहान-मोठे झाले तरी ती त्याबरोबरच बदलते. शेजारी फुलासह संपूर्ण रोपाची लहान आकृती असल्यास पिशवीचे स्थान कळते.

कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुले टाळून चालणाऱ्या पर्यटकाचे पाऊलही मातीतील हे सापळे चिरडू शकते. मातीखालचे हे जग दाखविणारे चित्र त्याला पायवाट न सोडण्याचे कारण सांगते.