गिरणीच्या जागी शाळा

वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत वाढलेले आम्ही दोघे भाऊ. दादा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, मी कॉन्व्हेंटमध्ये. आम्ही ख्रिस्ती नाही. मग कॉन्व्हेंट का? याचं ठरलेलं उत्तर म्हणजे इंग्रजी आणि शिस्त. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. इंग्रजीच हवी होती, तर दादाला का नाही घातलं तिथे?

दार तर केव्हाच उघडलेलं होतं. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कुणाला नव्याने प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीतल्या बार्न्स शाळेने आदेशाला आव्हान दिलं. ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन परंपरेतली. आपल्या मुलासाठी तिथे प्रवेश मागणारा एक हिंदू डॉक्टरही कोर्टात गेला. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द ठरवला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २९(२) मध्येच आहे. पुढे अनुदानामुळे अनेक कॉन्व्हेंटांची फी चाळकऱ्यांच्याही आवाक्यात राहिली. धर्माची अडचण तर आम्हाला जाणवलीच नाही. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास, आम्हाला मॉरल सायन्स. सकाळी शाळेत प्रार्थना, संध्याकाळी घरी शुभंकरोती.

तरीही दादाच्या वेळी आमच्या घरातून कुणी त्या दाराकडे फिरकलं नाही, कारण त्याची सोय लागलेली होती. बाबा साच्यावर होते. मुलगा मोठा झाला की बदली म्हणून लावायचा, पुढे कायम होईलच, हा गिरणगावाचा रिवाज. त्या वाटेवर इंग्रजीचं काही कामच नव्हतं. दादा बदलीवर लागलाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हा आत जाताच आलं नाही. त्याच जूनमध्ये आईने माझं नाव कॉन्व्हेंटमध्ये घातलं. घरात पगार नसताना हे धाडस कशाला, असं शेजारी म्हणत. ती खानावळीच्या पोळ्या लाटून फी भरत होती. पुढे मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "दादाला गिरणी होती. तुला काय होतं?"

आपण म्हणतो, कॉन्व्हेंटने मराठी शाळेची जागा घेतली. आमच्या घरापुरतं बोलायचं, तर तिने गिरणीची जागा घेतली. बापाने मुलाला हाताला धरून आत न्यावं, अशी जागाच उरली नव्हती.

संपानंतर दादा यंत्रमागावर कामाला लागला, भिवंडीला. आईच्या पोळ्या थांबल्यावर माझी शेवटच्या दोन वर्षांची फी त्याने भरली. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सहीही त्याचीच आहे, मराठीत. शिक्षकांचा इंग्रजी शेरा मी त्याला वाचून दाखवायचो. वाईट शेरा मी चांगला करून सांगतो, हे त्याला कळत असावं. तो काही न बोलता सही करायचा.