सर्पगंधा : एका मुळातून निघालेली तीन औषधे

औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात औषधांचे वर्ग नीटनेटक्या कप्प्यांत मांडलेले असतात. रक्तदाब उतरवणारी औषधे एका प्रकरणात, मनोविकारांवरची दुसऱ्या, हृदयाची लय सांभाळणारी तिसऱ्या. परीक्षेपुरती ही मांडणी सोयीची आहे. शरीर मात्र ती पाळत नाही. याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच देशातील एका झुडपाने दिला आहे.

सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात असे. बिहारकडे तिची ओळखच ‘पागल की दवा’ अशी होती. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील नवे भारतीय औषध, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. मन आणि रक्तवाहिन्या यांना एकाच ओळीत बसवणारे ते शीर्षक त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असल्यास नवल नाही. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळातून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले.

पुढची पायरी मुंबईची. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा अहवाल 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. त्या अहवालाचे मोल कळण्यासाठी तेव्हाची परिस्थिती आठवायला हवी. तीव्र रक्तदाबाच्या रुग्णापुढे अनुकंपी चेतातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा केवळ भात आणि फळांवर जगण्याचे कठोर पथ्य, असे मार्ग होते. वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो, तो उतरवू नये, असे मानणारे डॉक्टरही कमी नव्हते. अशा वेळी पोटात घेण्याची, सोसवणारी गोळी हाती येणे ही साधी गोष्ट नव्हती.

मग बाहेरच्या जगाला जाग आली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील मुख्य प्रभावी द्रव्य, रेसर्पीन, वेगळे केले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा रक्तदाबासाठी वापरली, तर नेथन क्लाइन यांनी 1954 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. 1957 च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. एकाचे काम रक्तदाबाचे, दुसऱ्याचे मनोविकारांचे, मूळ तेच!

हे घडते कसे? चेतातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. नॉरअ‍ॅड्रेनलीन, डोपामीन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने त्यांत साठवली जातात. रेसर्पीन या पिशव्यांत माल भरणारी यंत्रणाच बंद पाडते. बाहेर राहिलेली रसायने विकरांच्या तावडीत सापडून नष्ट होतात आणि साठा रिता होतो. रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा आदेश देणारे नॉरअ‍ॅड्रेनलीन आटले की दाब उतरतो. मेंदूतील साठा आटला की माणूस शांत, मंद होतो. क्रिया एकच, तिची स्थळे दोन. 1957 मध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखवले. डोपामीन स्वतंत्र संदेशवाहक आहे, या जाणिवेचा आणि पार्किन्सनच्या उपचाराचा रस्ता तिथून निघाला. पुढे 2000 चे नोबेलही त्यांना मिळाले.

पण या शांततेची किंमतही होती. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खोल औदासीन्यात गेल्याच्या नोंदी येऊ लागल्या. नैराश्य म्हणजे मेंदूतील या रसायनांची कमतरता, या गृहीतकाला त्या नोंदींनी बळ दिले. नंतरच्या फेरतपासणीत हा संबंध वाटला होता तितका सरळ नसल्याचे दिसले. गृहीतक मात्र लोकांच्या मनात पक्के रुजून बसले. ‘दुष्परिणाम’ हा शब्द मला म्हणूनच थोडा फसवा वाटतो. ज्या डॉक्टरला रक्तदाब उतरवायचा असतो त्याच्या दृष्टीने मंदपणा हा दुष्परिणाम; मनोविकारतज्ज्ञाच्या दृष्टीने तोच उपचार.

रेसर्पीनची मोठी कसोटी 1967 मध्ये झाली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या 143 रुग्णांपैकी काहींना रेसर्पीनसह तीन औषधे, तर काहींना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत 27 गंभीर प्रसंग घडले, औषधे घेणाऱ्यांत दोन. रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतात, याचा हा ठोस पुरावा होता.

आज अधिक सुटसुटीत औषधांमुळे रेसर्पीन मागे पडले आहे. मुळांसाठी बेसुमार उपटले गेल्याने ते झुडूपही रानात विरळ झाले असून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. अजमलीनचे नशीब निराळे निघाले. ते हृदयाची लय सांभाळणाऱ्या तिसऱ्याच वर्गात गेले. ब्रुगाडा हा लयविकार ईसीजीत लपून राहिला असेल, तर तो उघड करण्यासाठी अनेक देशांतील हृदयरोगतज्ज्ञ आजही रुग्णाच्या शिरेत अजमलीन सोडतात.