नोंदवही कोणाच्या हाती?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा आधुनिक इतिहास लोहमार्गापासून सुरू होतो, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. १८५६ साली जी. आय. पी. रेल्वेचा फाटा खोपोलीपर्यंत आला. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून गाडी वर चढली आणि मुंबई व पुणे ही शहरे एकमेकांना जोडली गेली. घाट फोडणारे मजूर पटकीने आणि तापाने हजारोंनी मेले. आमच्या वाचनात त्यांचे आकडे आले, नावे आली नाहीत. पुढे तेहतीस वर्षांनी मात्र याच मार्गावर रोग्याचे नाव लिहून घेण्याची घाई सुरू झाली. या लेखाचा विषय ती घाई हा आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. डॉक्टर बार्देशातील हडफडे गावचे. आपल्याच धर्माचे, गरिबांच्या खोल्यांतून हिंडणारे. त्यांचे निदान बरोबर ठरले आणि पाहता पाहता सुमारे निम्मे शहर रिकामे झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. कायदा इतका आटोपशीर की एका पानावर मावावा. रेल्वेच्या उतारूंची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे हे अधिकार त्याने सरकारला दिले. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे अभयही दिले. तपासणीतून जे कळेल ते कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

मुंबईहून निघालेल्या गाड्या कल्याणला अडवल्या जात. कर्जतला येणारा माणूस तेव्हाही कल्याणवरूनच येई. काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे पाहिले जाई, आणि स्त्रियांच्या बाबतीत या प्रकाराने किती संताप उसळला हे सर्वश्रुत आहे. घाटावर पुण्यात रँडसाहेबांच्या घरझडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातील एका मुलीचे प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर काय झाले, याविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात लिहून त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरकारला जाब विचारला होता. प्लेग खरा होता, माणसे खरोखर मरत होती, आणि रोगी हुडकण्यात पाप नव्हते. हे मान्य करूनच पुढे जाऊ. त्या वर्षांत लोकांच्या जिव्हारी काय लागले? आपल्या शरीराची बातमी आपल्याला डावलून दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मग तीच बातमी आपल्याला न्यायला दारात येते, हे.

याजकवर्गाला हा प्रश्न नवा नाही. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात कुष्ठाची तपासणी करण्याचे काम याजकाकडे आहे. डाग पाहणारा तो, सात दिवस वेगळे ठेवणारा तो, शुद्ध वा अशुद्ध ठरवणाराही तोच. आणि ठरल्यानंतर रोग्याने आपली अशुद्धता स्वतः ओरडून सांगायची. आरोग्याची सरकारी नोंद ठेवणारा पहिला कारकून आमच्याच पंथातला होता, असे गमतीने म्हणावेसे वाटते. याच्या उलट टोकाला १२१५ सालची चौथी लॅटरन परिषद आहे. तिच्या एकविसाव्या नियमाने पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला कुशल वैद्याची उपमा दिली, आणि त्याच नियमात त्याच्या ओठांवर मोहोर लावली. जो रहस्य फोडील त्याला पदच्युत करून आजन्म मठात प्रायश्चित्त करायला पाठवावे, अशी शिक्षा सांगितली. ज्याला जखम दाखवायची त्याच्यापाशी ती बातमी थांबली पाहिजे, एवढे त्या परिषदेला कळले होते.

शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्रीचा प्रसंग येथे आठवतो. प्रभू गर्दीत वळून विचारतात, मला कोणी स्पर्श केला? आणि थांबतात. तिच्या दुखण्याचे नाव ते स्वतः उच्चारत नाहीत. ती पुढे येते आणि आपली सारी हकिगत आपल्या तोंडाने सांगते. या थांबण्याकडे आमच्या प्रवचनांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

आता गोव्याकडे वळू. कारण रोग्याच्या नोंदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या भागात न्यायालयाच्या पायरीपर्यंत प्रथम नेला तो गोव्यातील एका कॅथलिक आईने. बार्देशातील पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा नियमाने रक्तदान करणारा तरुण. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याच्या घरी आले आणि त्याला म्हापशाच्या ठाण्यावर बोलावणे आहे असे सांगून गेले. कशासाठी, ते कळले नाही. ठाण्यावरून त्याला इस्पितळात नेले गेले, तेथे एक नोंदवही उघडली गेली, आणि तिच्यात आपल्या नावापुढे लिहिलेला ‘एड्स’ हा शब्द त्याने वाचला. दान केलेल्या रक्ताची चाचणी झाली होती. निष्कर्ष आरोग्यखात्याला ठाऊक होता, पोलिसांना ठाऊक होता, वहीला ठाऊक होता. ज्याचे रक्त होते त्याला सर्वांत शेवटी कळले. पुढचे चौसष्ट दिवस क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका वापरात नसलेल्या इमारतीत, पहाऱ्यात, एकट्याने.

हे सारे कायदेशीर होते. गोवा, दमण आणि दीवच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कलम घातले गेले होते. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे अर्ज केला. आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. डॉमनिक सुटला, तरी अंतिम निकालात न्यायालयाने वेगळे ठेवण्याचा शासनाचा अधिकार उचलून धरला आणि व्यक्तीच्या हक्काला समाजहितापुढे मागे सरावे लागेल असे म्हटले. डॉमनिकने उरलेले आयुष्य आपल्यासारख्यांसाठी संघटना उभी करण्यात घालवले. १९९२ च्या मे महिन्यात तो वारला. त्या चौसष्ट दिवसांत आपल्या ख्रिस्ती समाजातले कितीजण त्या इमारतीपर्यंत गेले असते, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारून पाहावा. वेलँकणीच्या यात्रेला जाणे त्याहून सोपे.

न्यायालयांचे मत नंतर हळूहळू बदलले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. केवळ एचआयव्हीची बाधा आहे म्हणून, काम करण्यास समर्थ असलेल्याला कामावरून काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आणि त्या कामगाराला नाव झाकून, नुसत्या अक्षरांनी दाद मागू दिली. डॉमनिकचे नाव वर्तमानपत्रांत छापले गेले होते. आठ वर्षांनी या माणसाला ‘एम. एक्स.’ होता आले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली: रुग्णाच्या बाधेची बातमी त्याच्या वाग्दत्त वधूकडच्यांपर्यंत गेली यात इस्पितळाची चूक नाही, कारण तिच्या जिवाचा प्रश्न होता. हाही विचार टाकाऊ नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

आमच्या या मुलखाला अधिक जवळचा एक धागा मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवी कलमे आली. विषारी द्रव्यांशी संबंध येणाऱ्या कामगाराच्या आरोग्याची नोंद मालकाने ठेवावी, आणि ती नोंद कामगाराला पाहता यावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. खोपोलीच्या पट्ट्यात तीन पिढ्या कारखान्यात राबल्या. किती जणांनी हा हक्क मागितला? आमच्या परिचयातील निवृत्त कामगारांपैकी बहुतेकांना आपली अशी काही नोंद होती हेच ठाऊक नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, अज्ञान तेच राहिले.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिला शत्रू मानण्याचे कारण नाही. ७ डिसेंबर २०२४ पासून देशभर शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम झाली. तिच्यात हातात नेता येणारी एक्स-रे यंत्रे होती आणि छातीचे चित्र वाचायला संगणक होता. जेथे डॉक्टर पोचायलाच दिवस मोडतो अशा ठाकरवाडीत वा कातकरवाडीत हा लाभ लहान नव्हे. कागदाचा मोह धरण्यातही अर्थ नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे बेपत्ता ठरली, आणि वाचलेल्यांचे सारे कागद मातीखाली गेले. संगणकातली नोंद तशी गाडली जात नाही.

परंतु आपल्याकडे गरीब रुग्णाची नोंद आजवर बहुधा त्याच्याच हाती राहिली, हे विसरता कामा नये. केसपेपर, रक्ताचे अहवाल, गुंडाळी केलेला एक्स-रे, हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी घराच्या आढ्याला टांगलेली. कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, हे घरची बाई ठरवी. आता तिचा नातू त्या कागदांचे फोनवर छायाचित्र घेतो आणि गप्पा मारणाऱ्या यंत्राला अर्थ विचारतो. यंत्र चांगले मराठी बोलते, न रागावता समजावते. ओपीडीत एवढा वेळ तिला कोणी दिलेला नसतो. पण तो कागद आता कंपनीच्या संगणकावर आहे. अशा अनेक सेवांत संभाषण पुढच्या शिकवणीसाठी वापरले जाते, आणि ते नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आपणच बंद करावे लागते. साठवलेला कागद पुसता येतो. त्यावरून यंत्र एकदा शिकले की ते शिकणे, पिठात मिसळलेल्या मिठासारखे, वेचून काढता येत नाही.

नाव काढून टाकले की झाले, असे सांगितले जाते. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने नावे वगळलेल्या इस्पितळी नोंदी आणि विकत मिळणारी मतदारयादी शेजारी ठेवली, आणि खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा क्रमांक एवढे पुरले. कशेळे-कडावकडच्या चाळीस घरांच्या वाडीत तर ‘स्त्री, वय बासष्ट, क्षयरोग’ म्हटले की कोण, हे पोरेसुद्धा सांगतील. शिवाय यंत्र कागदावर नसलेलेही वाचते. छातीच्या एक्स-रेवरून माणसाचा वंश ओळखणे तज्ज्ञ डॉक्टरांना जमत नव्हते. यंत्राला जमले, आणि ते कशाच्या आधारे, हे संशोधकांना उलगडले नाही, असा निष्कर्ष २०२२ साली ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हापशाच्या त्या वहीत निदान माणसाने लिहिलेले तरी होते.

आदिवासी वाड्यांसाठी आणखी एक गोष्ट नाजूक आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्याला कार्ड मिळते आणि नोंद पोर्टलवर जाते. बाळाला आजार होऊ नये म्हणून लग्नाआधी दोघांनी कार्डे पाहावीत, हा हेतू उत्तम. पण कार्ड मुलीच्या हाती असणे आणि तिच्याविषयीची नोंद सोयरिक पाहणाऱ्यांच्या फोनवर असणे, या दोहोंत चौसष्ट दिवसांइतके अंतर आहे. रोमहून २८ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या ‘आन्तिक्वा एत नोव्हा’ या टिपणानेही खासगीपणाचा संबंध माणसाच्या अंतःकरणाशी जोडला आहे.

मध्यंतरी एका वाडीवर आरोग्य शिबिरात आम्ही होतो. तरुण कार्यकर्ते सौजन्याने केसपेपरची छायाचित्रे घेत होते, प्रत्येकीचा अंगठा संमतीपत्रावर घेत होते. संमतीपत्र इंग्रजीत होते. एका ठाकर बाईने अंगठा पुढे करण्याआधी विचारले, “दादा, ह्यो फोटू मंग कोनाकडं ऱ्हाईल?” मुलाने आपल्या वरिष्ठांकडे पाहिले, वरिष्ठांनी फोन लावला.

कायद्याचे उत्तर असे आहे. ‘आभा’ हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. त्यावाचून उपचार नाकारता येत नाहीत. त्या क्रमांकाला जोडलेली नोंद कोणी मागितली तर संमती रुग्णाने द्यायची, किती काळासाठी तेही त्यानेच सांगायचे, आणि दिलेली संमती परत घेता येते. प्रत्यक्षात संमतीचा ओटीपी वाडीतल्या ज्याच्याजवळ फोन असेल त्याच्या फोनवर येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. साथीच्या काळात आणि सरकारी लाभ देताना संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभाही ठेवली आहे, म्हणजे १८९७ ची खिडकी थोडी उघडीच आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील महत्त्वाचा भाग अठरा महिन्यांनी अमलात यायचा आहे. त्या बाईचा प्रश्न आम्ही आमच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवला आहे, तिचे नाव न लिहिता.