२० मैलांचा रस्ता आणि घरी आलेलं पत्र



गाडी घेतली, इन्शुरन्स काढला, तीनदा टेस्ट देऊन लायसन्स मिळालं, की आपल्याला वाटतं सुटलो एकदाचे! मग एके दिवशी दारातून एक पाकीट आत पडतं. आमच्याकडे मागच्या वर्षी असंच पाकीट आलं. २० मैलांच्या रस्त्यावर आमच्या गाडीचा वेग २८ होता. त्या निमित्ताने आम्ही दोघांनी नियम नीट वाचून काढले. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ते इथे एकत्र देत आहोत.

मर्यादा ओळखायची कशी?

इंग्लंडमध्ये दिव्यांच्या खांबांच्या रस्त्यावर (खांबांमधलं अंतर २०० यार्डांपेक्षा जास्त नसेल तर) वेगळी पाटी नसल्यास मर्यादा ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर. तिथे ३० ची पाटी जागोजागी लावलेली नसते, त्यामुळे 'पाटी दिसली नाही' ही सबब चालत नाही. २० मैल (३२ किलोमीटर) असेल तिथे पाटी असते. लंडनमध्ये अशा रस्त्यांची संख्या खूप वाढली आहे. मध्य लंडनमधल्या कंजेशन चार्जच्या भागात ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने आपल्या रस्त्यांवर मार्च २०२० पासून २० मैल मर्यादा आणली, आणि अनेक बरोंनी ती आपल्या बहुतेक रस्त्यांवर लागू केली आहे.

वेल्समध्ये गणित उलटं आहे. १७ सप्टेंबर २०२३ पासून तिथे वस्तीतल्या, दिव्यांच्या रस्त्यांवर पाटी नसेल तर २० मैल समजायचे. ३० असेल तर तशी पाटी लावलेली असते. म्हणजे वीकएंडला सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून कार्डिफला गेलात, की तसाच दिसणारा रस्ता पण नियम वेगळा! या बदलाविरुद्धच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि २०२४ मध्ये काही रस्ते परत ३० वर नेण्याची तयारी सरकारने दाखवली. मूळ नियम मात्र कायम आहे.

पत्र आल्यावर काय करायचं?

कॅमेऱ्याने गाडी टिपली की १४ दिवसांच्या आत रजिस्टर्ड कीपरच्या पत्त्यावर नोटिस यावी लागते. गाडी कंपनीची किंवा भाड्याची असेल तर पहिली नोटिस त्या कंपनीला जाते. तिने तुमचं नाव कळवल्यावर तुम्हाला येणारं पत्र १४ दिवसांनंतर आलं तरी चालतं.

या पत्रात दंड भरा असं लिहिलेलं नसतं. त्यात एकच प्रश्न असतो: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? उत्तर द्यायला २८ दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर तो वेगळाच गुन्हा होतो, आणि त्याला ६ पॉइंट आणि १००० पौंडांपर्यंत दंड आहे. म्हणजे पत्र ड्रॉवरमध्ये टाकून देण्याची शिक्षा मूळ गुन्ह्याच्या साध्या दंडापेक्षा मोठी!

उत्तर दिल्यावर साधारण तीन रस्ते असतात.

१. कोर्स: वेग थोडाच जास्त असेल (२० च्या रस्त्यावर साधारण २४ ते ३१, ३० च्या रस्त्यावर ३५ ते ४२) तर पोलिस स्पीड अवेअरनेस कोर्स देऊ करतात. फी आपण भरायची, पॉइंट लागत नाहीत. मात्र मागच्या तीन वर्षांत असा कोर्स केलेला नसावा, आणि तो आपला हक्क नाही. हे आकडे पोलिसांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. कायद्याने २१ म्हणजे गुन्हाच.

२. फिक्स्ड पेनल्टी: १०० पौंड आणि ३ पॉइंट.

३. कोर्ट: वेग फारच जास्त असेल किंवा तुम्ही आरोप नाकारलात तर. इथे दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. २० च्या रस्त्यावर २१ ते ३० असेल तर उत्पन्नाच्या साधारण निम्मा आणि ३ पॉइंट. ३१ ते ४० असेल तर जवळजवळ आठवड्याचं पूर्ण उत्पन्न आणि ४ ते ६ पॉइंट, किंवा ७ ते २८ दिवस गाडी चालवायला बंदी. ४१ च्या पुढे दीडपट उत्पन्न आणि ६ पॉइंट, किंवा ७ ते ५६ दिवसांची बंदी. दंडाची कमाल मर्यादा १००० पौंड, मोटरवेवर २५००.

पॉइंट लायसन्सच्या नोंदीवर ४ वर्षं राहतात. ३ वर्षांत १२ झाले की साधारणपणे किमान ६ महिने बंदी येते. इन्शुरन्स कंपनीने विचारलं तर पॉइंट सांगावेच लागतात, आणि हप्ता वाढतो तो वेगळाच.

आपल्याला सगळ्यात जास्त लागणारा नियम

भारतातून नवीन आलेला माणूस भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवू शकतो. त्यानंतर इथली टेस्ट द्यावी लागते. इथली पहिली टेस्ट पास झाल्यापासून २ वर्षं तुम्ही 'नवे ड्रायव्हर' असता. मग पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये २० वर्षं गाडी चालवलेली असो, ती इथे कोणी मोजत नाही. या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा थिअरी, पुन्हा टेस्ट!

आमच्या घरातली गोष्ट

त्या दिवशी गाडी चालवत होती ती आमच्या दोघांतली 'नवी ड्रायव्हर'. टेस्ट पास होऊन दीड वर्ष झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी तिने कोर्सही केला होता, म्हणजे ते दार बंद. आता ३ पॉइंट लागणार हे दिसत होतं. मुलांची शाळा, क्लास, आठवड्याची खरेदी सगळं त्याच गाडीवर.

मित्रमंडळींत विषय निघाला तेव्हा सल्ले सुरू झाले. "अरे, तुझं लायसन्स जुनं आणि क्लीन आहे, तुझ्या नावावर घे ना. घरातल्या घरात कोण बघतंय?" दुसऱ्याने सुचवलं, "बाबा येऊन गेले ना? त्यांचं नाव टाका. ते तर आता साताऱ्यात." फोनवर बाबाही लगेच म्हणाले, "घाला माझं नाव, मला काय फरक पडतो?" बाबांनी इथे गाडीची किल्लीसुद्धा हातात घेतली नव्हती.

खरं सांगायचं तर दोन दिवस फॉर्म टेबलावर तसाच पडून होता. मग आम्हाला ख्रिस ह्यून यांची केस आठवली. २००३ मध्ये त्यांची गाडी मोटरवेवर कॅमेऱ्यात सापडली आणि पॉइंट त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाले, लग्न मोडलं, गोष्ट बाहेर आली. २०१२ मध्ये मंत्रिपद गेलं, आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही ८-८ महिन्यांची कैद झाली. शिक्षा झाली ती न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल. ३ पॉइंट वाचवण्यासाठी तुरुंग! आपल्यापैकी कितीतरी जण व्हिसावर आहेत. असा गुन्हा नोंदला गेला तर प्रश्न फक्त लायसन्सचा राहत नाही.

आम्ही खरं नाव लिहिलं. १०० पौंड भरले, ३ पॉइंट लागले. उरलेले सहा महिने तिने जपून काढले.

पण २० च का?

आधी आम्हीही कुरकुर केली. रिकाम्या रस्त्यावर २० म्हणजे बैलगाडी! मग इंजिनिअरच्या सवयीने हिशोब केला. हायवे कोडप्रमाणे २० मैलांवर गाडी थांबायला १२ मीटर लागतात (६ मीटर ब्रेकवर पाय जाईपर्यंत, ६ ब्रेक लागल्यावर). ३० वर २३ मीटर लागतात (९ आणि १४). समजा १२ मीटरवर एक मूल चेंडूमागे रस्त्यावर आलं. २० ची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. ३० ची गाडी तिथे पोहोचेल तेव्हा ब्रेक लागून फक्त ३ मीटर झालेले असतील आणि तिचा वेग अजून २६-२७ मैल असेल. आणि आपलं वाचतं किती? एक मैल जायला २० ने ३ मिनिटं, ३० ने २. मैलामागे एक मिनिट.

वेल्समध्ये नियम बदलल्यावर पहिल्या वर्षात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवरच्या अपघातांत मृत आणि जखमी होणाऱ्यांची संख्या चौथाईहून जास्त घटली. कुरकुर करताना हेही लक्षात ठेवायला हवं.

आजच करून टाका

घर बदललं असेल तर डीव्हीएलएकडे पत्ता बदला, आणि तोही दोन ठिकाणी: लायसन्सवर वेगळा आणि गाडीच्या लॉगबुकवर वेगळा. प्रोजेक्ट बदलला की गाव बदलणारी आपली मंडळी हे हमखास विसरतात. पत्र जुन्या घरी जातं, उत्तर जात नाही, आणि केस आपल्या माघारी कोर्टात निकाली निघून ६ पॉइंट लागतात. नव्या ड्रायव्हरचं लायसन्स तेवढ्यावरच जातं. पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत, वेळही फार जात नाही.

आणि पत्र आलंच, तर जो चालवत होता त्याचंच नाव लिहा.