तांब्यावर कोरलेली देवचित्रं : अँटवर्पचा हिरोनिमस विरिक्स

लग्नात आलेल्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो ना, तशाच कामाची ही गोष्ट आहे. फक्त भांड्याऐवजी तांब्याचा गुळगुळीत पत्रा, आणि नावाऐवजी देवाचं चित्र.

गाव अँटवर्प. आज ते बेल्जियम देशात आहे, त्या मुलखाला फ्लँडर्स म्हणतात. तिथे १५५३ साली हिरोनिमस विरिक्स जन्मला. थोरला भाऊ यान, धाकटा आंतोनी. तिघेही कोरक्ये. यानने सोळाव्या वर्षी ड्यूरर या थोर जर्मन चित्रकाराच्या चित्राची हुबेहूब नक्कल कोरली आणि पत्र्यावरच आपलं वय घातलं. हिरोनिमस तर त्याहूनही लहान वयात कोरायला लागला होता.

काम कसं चालायचं बघा. पोलादी टोकदार कोरणी तळहातात धरून पुढे रेटायची, म्हणजे तांब्यात बारीक चर पडतो. सावली हवी तिथे चर दाट, उजेड हवा तिथे विरळ. सगळं उलटं कोरायचं, कारण कागदावर ते आरशासारखं फिरून उमटतं. मग शाई चरात भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवून दोन रुळांतून दाबून काढायचा. एका पत्र्यातून शेकडो चित्रं निघत. रंगवलेलं मोठं चित्र श्रीमंतांच्या घरी, पण तळहाताएवढं छापील चित्र गरिबालाही परवडे. पोथीत ठेवता येई, भिंतीला लावता येई. विरिक्स घराण्याची अशी दोन हजारांहून जास्त चित्रं आज मोजलेली आहेत.

या धंद्यात बायाही होत्या. फोल्कस्केन डीरिक्स ही अँटवर्पच्या मोठ्या चित्रछापखान्याची मालकीण. नवरा १५७० मध्ये वारला, तेव्हा तिने दुकान बंद केलं नाही. पुढची तीस वर्षं स्वतः चालवलं. १५७२ मध्ये तिने चित्रकारांच्या तसबिरींचं पुस्तक काढलं, त्यातले बरेच पत्रे यान विरिक्सने कोरलेले होते.

काळ मात्र धामधुमीचा. ख्रिस्ती धर्मातच दोन तट पडले होते. १५६६ मध्ये प्रॉटेस्टंट जमावाने तिथल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली. १५८५ मध्ये स्पेनच्या कॅथलिक राजाच्या फौजेने अँटवर्प घेतलं, तेव्हाच्या नोंदीत विरिक्स भाऊ प्रॉटेस्टंट पंथाचे म्हणून लिहिलेले आहेत. पण गाव कॅथलिक झालं, देवचित्रांना मागणी आली आणि हेच भाऊ येशूसंघाच्या पाद्र्यांसाठी संतांची, मेरीमातेची चित्रं कोरू लागले. पोटासाठी की श्रद्धेने? आम्हाला वाटतं, दोन्ही असेल.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. ज्या हातांनी इतकी शांत, सोज्वळ मुखं कोरली, त्याच हाताने एका बाईचा जीव घेतला. हिरोनिमस दारू प्यायचा. पंचविशीच्या आसपास असताना नशेत त्याने बिअरचा जड पेला एका बाईला फेकून मारला, आणि ती मेली. त्याला तुरुंगात जावं लागलं. मग तो सुटला आणि परत कामाला लागला.

धाक बसला म्हणावं, तर तेही नाही. त्या वेळचा मोठा छापखानेवाला प्लांतिन या भावांना काम देत असे. त्याची पत्रं उरली आहेत, त्यांत त्याचं गाऱ्हाणं आहे. हे लोक दोन दिवस काम करतात आणि उरलेले दिवस गुत्त्यात काढतात. काम हवं असेल तर गुत्त्यात शोधायला जा, त्यांची उधारी चुकती करा, गहाण टाकलेली अवजारं सोडवून आणा! दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत दिलेल्या आपल्या बायांना यातलं काही नवीन वाटणार नाही. पुस्तकांत मात्र हा किस्सा बहुतेकदा गंमत म्हणून येतो. मेलेली बाई त्यात एका ओळीत येते आणि जाते. आम्हाला ते खटकतं.

त्यांचं मोठं काम १५९३ साली छापलं गेलं. नादाल नावाच्या पाद्र्याचं ते पुस्तक, येशूच्या जीवनावरची १५३ चित्रं. बरेच पत्रे विरिक्स भावांचे, बाकीचे इतर कोरक्यांचे. चित्रात माणसांजवळ, घरांजवळ अक्षरं घातलेली आणि खाली त्या त्या अक्षरापुढे खुलासा, आपल्या शाळेच्या तक्त्यांत असतो तसा. हे पुस्तक चीनपर्यंत गेलं, तिथे त्यावरून चिनी धाटणीची चित्रं लाकडी ठशांनी छापली गेली.

आपल्याकडेही ही छापील चित्रं आली. गोव्याहून येशूसंघाचे पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. पुढेही त्यांचं जाणं-येणं राहिलं. सोबत ग्रंथ आणि चित्रं असत. बादशहाच्या चित्रकारांना ती पाहून नवल वाटलं आणि त्यांनी नकला करायला घेतल्या. त्यांत निनी नावाची एक स्त्री चित्रकार होती. मुघल दरबारात चित्र काढणाऱ्या ज्या थोड्या स्त्रियांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांतली ही एक. तिने संत सेसिलियाच्या हौतात्म्याचं चित्र काढलं. सेसिलिया म्हणजे धर्मासाठी मारली गेलेली रोमची स्त्री. आणि निनीसमोर नमुना होता तो हिरोनिमस विरिक्सने कोरलेला. हिरोनिमस १६१९ मध्ये अँटवर्पलाच वारला. निनीचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.