गोठ्यातली हवा कशी मोजायची?

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गोठ्यातल्या वायूंवर काय बोलणार? पण मोजमापाचा इतिहास मला आवडतो, आणि त्यात गोठ्याला चांगलं स्थान आहे.

अडचण अशी. शेण आणि मूत एकत्र आलं की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. हवेत तो किती आहे हे स्वस्तात कळतं. ठरावीक हवा सौम्य आम्लातून बुडबुडत न्यायची. अमोनिया आम्लात अडकतो, मग तो मोजायचा. पण हे झालं 'आत किती आहे' याचं उत्तर. 'बाहेर किती जातो' हा प्रश्न निराळा. दारं उघडा, आतलं प्रमाण लगेच उतरेल. बाहेर जाणारा अमोनिया मात्र कमी होणार नाही, उलट वाढेलसुद्धा. म्हणजे तासाला किती हवा गोठ्यातून वाहते, हे कळायलाच हवं. कोंबड्यांच्या बंद शेडमध्ये पंख्यापाशी ते मोजता येतं. गाईंचा गोठा बहुधा उघडा. वारा दहा वाटांनी येतो नि दहा वाटांनी जातो. त्याला कुठे धरणार?

वाट सापडली ती माणसांच्या घरांमुळे. म्युनिकचे मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये राहत्या घरांतल्या हवेवर लिहिलं. मोठ्या बाटलीत खोलीतली हवा घ्यायची, बेरियम हायड्रॉक्साइडचं पाणी घालून हलवायची. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी गढुळतं, आणि उरलेल्या अल्कलीवरून हिशेब लागतो. हजारात एक भाग ही त्यांनी घातलेली मर्यादा आजही ऐकू येते. पुढे १८७१ मध्ये मॅक्स मेर्कर यांनी गोठ्यांच्या वायुवीजनाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच धाटणीचा.

यातली युक्ती मला फार आवडते. जनावर श्वास सोडतं, तोच मोजपट्टी! गाईच्या वजनावरून आणि दुधावरून ती किती कार्बन डायऑक्साइड सोडेल याचा अंदाज करता येतो. समजा शंभर गाई, प्रत्येकी तासाला पाव घनमीटर, एकूण २५. बाहेरच्या हवेत दशलक्षात ४०० भाग, आत १४००. फरक १०००, म्हणजे हजारात एक. तर तासाला २५ हजार घनमीटर हवा वाहते. तिच्यात घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम अमोनिया असेल, तर तासाला ७५ ग्रॅम बाहेर गेला. एक साधा मापक, एक आम्लाची बाटली, आणि भागाकार. बस्स.

अर्थात फसगतही आहे. शेणातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. उन्हाळ्यात सगळं उघडं असलं की आतबाहेरचा फरक ५० वर येतो, आणि स्वस्त मापकाची चूकच तेवढी असते. मग उत्तराला अर्थ राहत नाही. शिवाय अमोनियाचे स्वस्त विद्युत-रासायनिक मापक गोठ्यात सतत ठेवले तर लवकर झिजतात. म्हणून ती जुनी आम्लाची बाटली टिकून आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? नेदरलँड्सकडे पाहा. अमोनिया राखीव निसर्गक्षेत्रांवर उतरतो, झाडोरा बदलतो. २९ मे २०१९ रोजी तिथल्या कौन्सिल ऑफ स्टेटने नायट्रोजनसंबंधी परवान्यांची पद्धत मोडीत काढली. शेतकऱ्याचा हिशेब तेव्हा कसा होई? गोठ्याच्या प्रकाराला एक ठरीव आकडा. साध्या गोठ्याला गाईमागे वर्षाला १३ किलो. त्याच्या गोठ्यात कुणी मोजायला जात नसे. 'कमी उत्सर्जनाची' म्हणवणारी जमीन घाला, आकडा कागदावर घटतो. २०२२ मध्ये त्याच न्यायपीठाने अशा काही जमिनींच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही असं ठरवलं. ज्याने परवान्याच्या भरवशावर पैसे घालून ती जमीन केली, त्याने काय करायचं? सरासरी ही सोय आहे हे मी मान्य करतो, पण सरासरी म्हणजे कुणाचाच गोठा नव्हे. त्या माणसाला स्वतःच्या गोठ्याचा आकडा दाखवता आला असता, मग तो त्याच्या बाजूचा असो वा विरुद्धचा, तर निदान वाद खऱ्या गोष्टीवर झाला असता.

एकच मुद्दा राहिला. वर्षभरात निरनिराळ्या ऋतूंत सहा वेळा, चोवीस चोवीस तास मोजणं, हे एका दिवसाच्या अचूक यंत्रापेक्षा अधिक सांगतं, असं माझं मत आहे. कारण अमोनिया उष्णतेबरोबर आणि वाऱ्याबरोबर फार हेलकावे खातो. आता तुमचे प्रश्न घेऊ.